मधुचंद्राची रजा

कार्यक्रमपत्रिकेत ‘परदेशी मधुचंद्राचा इतिहास’ हा विषय वाचून काही मंडळींना हसू आले असेल. आणि कामगार चळवळीत केस पांढरे केलेल्या माणसाने तो घेतला म्हणून अधिकच आले असेल. आमची त्याला हरकत नाही. लग्न ठरलेली मुले हल्ली बेत करायला बसतात, तेव्हा बालीला जावे की स्वित्झर्लंडला, तिकीट कधी काढावे, व्हिसा लागतो काय, समुद्रासमोरची खोली मिळेल काय, अशी चर्चा रंगते. पण या सगळ्याआधी एक प्रश्न दोघांपैकी कुणाच्या तरी तोंडून निघतोच: “तुला रजा किती मिळेल?” या प्रश्नाचा इतिहास आम्ही सांगणार आहोत. प्रेमाचा इतिहास कवींनी सांगावा.

मधुचंद्र हा शब्द मुळात आपला नव्हे. इंग्रजी ‘हनिमून’ला आपण मराठी लुगडे नेसवले. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात आढळतो, तेव्हा त्यात प्रवास नाही. नव्या संसाराची गोडी चंद्रासारखी भरते आणि चंद्रासारखीच उतरते, असा काहीसा खवचट अर्थ त्यात होता. प्रवास त्याला चिकटला तो फार मागाहून, आणि तोही श्रीमंतांच्या घरी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील सधन कुटुंबांत लग्नानंतर वधूवर फिरायला निघत. लग्नाला येऊ न शकलेल्या आप्तांना भेटावे, हा त्यात मोठा हेतू असे. पुष्कळदा वधूची बहीण किंवा मैत्रीण सोबत जाई. आपल्याकडची पाठराखीणच म्हणा! एकांत हे या प्रवासाचे कारण नव्हते. तो पुढे आला. मग पॅरिस, ऱ्हाइन नदीचा काठ, स्वित्झर्लंड, इटली अशी ठिकाणे ठरून गेली.

यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. व्हिक्टोरिया राणीचे लग्न १० फेब्रुवारी १८४० रोजी झाले. अल्बर्टची इच्छा होती की विंडसरला जरा निवांत राहावे. राणीने त्याला लग्नाआधीच लिहून कळवले, की मी राज्यकर्ती आहे आणि कारभार कुणासाठी थांबत नाही. थोड्याच दिवसांत जोडपे लंडनला परत. पृथ्वीच्या एवढ्या मोठ्या भागाची मालकीण, पण रजा तीन दिवस! मात्र तिची रजा तिनेच नाकारली होती. आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत त्यांची रजा दुसरे नाकारत.

प्रवासाचा बेत ही विकत मिळणारी वस्तू केली ती टॉमस कुकने. हा गृहस्थ लाकूडकाम शिकलेला, पुढे धर्मोपदेशक आणि दारूबंदीचा कट्टर प्रचारक. ५ जुलै १८४१ रोजी त्याने सुमारे पाचशे माणसे लेस्टरहून लफबरोला रेल्वेने नेली. जाऊन-येऊन भाडे एक शिलिंग. निमित्त होते दारूबंदीच्या सभेचे. १८५५ साली तो माणसे घेऊन युरोप खंडात उतरला, १८६३ ला स्वित्झर्लंडला, १८६४ ला इटलीला. मग हॉटेलची कूपने निघाली: पैसे लंडनला भरा, जेवणखाण आणि खोली परमुलखात घ्या. भाषा येत नाही, हिशोब कळत नाही, ही नवख्या जोडप्याची भीती त्या कागदाच्या तुकड्याने घालवली. पण कुकबरोबर आल्प्स पाहायला गेले कोण? शिक्षक, पाद्री, डॉक्टर, बऱ्यापैकी पगाराचे कारकून. ज्यांना वर्षातून दोनतीन आठवडे मोकळे मिळत ते. रेल्वे होती, आगबोट होती, कूपन होते. पण गिरणीतल्या माणसाजवळ दिवसच नव्हते.

लँकेशरच्या कापड गिरण्यांत ‘वेक्स वीक’ नावाची चाल होती. जुन्या जत्रेचे दिवस ते. अख्ख्या गावाच्या गिरण्या एकदम बंद होत, यंत्रांची दुरुस्ती होई आणि कामगार रेल्वेने ब्लॅकपूलच्या समुद्रावर जात. नवी जोडपीही त्या गर्दीत असत. पण त्या आठवड्याचा पगार नसे. त्यासाठी वर्षभर दर आठवड्याला काही पेन्स जमा करणारी मंडळे असत, आपल्या भिशीसारखी. म्हणजे हौस स्वतःच्या पोटाला चिमटा काढून करायची. परदेश तर दूरच राहिला.

त्याच कापसाच्या धंद्यात इकडे मुंबईला काय होते? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि आठवड्याची एक सुट्टी, रविवार, मिळायला १० जून १८९० उजाडला. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईत हजार पुरुषांमागे सहाशे बायकाही नव्हत्या. आकडा रुक्ष आहे, पण त्याचा अर्थ असा की नवरा परळला दहाजणांच्या खोलीत आणि नवी नवरी कोकणात सासूसासऱ्यांजवळ. शिमग्याला बोटीने गावी गेला तर खाडे पडत, त्याच्या जागी बदली उभा राही, आणि परतल्यावर जागा आहे की गेली ते मुकादमाच्या मर्जीवर. ज्यांना एक खोली नव्हती त्यांच्या मधुचंद्राविषयी इतिहासकारांनी काही लिहिले नाही, यात नवल नाही.

आता १९३६ च्या फ्रान्सकडे वळू. मेच्या निवडणुकांत लोकआघाडी विजयी झाली. लेओं ब्लूम पंतप्रधान होण्याआधीच कामगारांनी कारखान्यांचा ताबा घेऊन संप सुरू केले. पाहता पाहता संपकऱ्यांची संख्या वीस लाखांच्या घरात गेली. दुकानांतल्या विक्रेत्या मुलीसुद्धा संपावर. रात्री कारखान्यांत अॅकॉर्डियन वाजे, यंत्रांच्या मधल्या जागेत नाच होई. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की भरपगारी रजा आघाडीच्या निवडणूक कार्यक्रमात नव्हतीच. ती संपाच्या रेट्याने आली. २० जून १९३६ च्या कायद्याने वर्षभर नोकरी केलेल्या प्रत्येक कामगाराला पंधरवड्याची भरपगारी रजा मिळाली. लेओ लाग्रांज या तरुण उपमंत्र्याने रेल्वे कंपन्यांकडून रजेवरच्या कामगारांसाठी भाड्यात चाळीस टक्के सूट मिळवली, आणि त्या पहिल्याच उन्हाळ्यात लाखो लोकांनी ती तिकिटे काढली. ज्यांना तेही परवडेना ती जोडपी दोघांच्या सायकलवर निघाली: पुढे तो, मागे ती, कॅरियरला तंबू. कित्येकांनी समुद्र त्या वर्षी पहिल्यांदा पाहिला. उच्चभ्रू वर्तमानपत्रांनी ‘किनाऱ्यावर टोपीवाले आले’ म्हणून नाके मुरडली. मुरडोत बापडी!

रजा आणि सवलत हुकूमशहांनीही दिली, हे लपवण्यात अर्थ नाही. मुसोलिनीच्या इटलीत नवविवाहितांना रोमला जाण्यासाठी रेल्वेभाड्यात मोठी सूट होती; राष्ट्राला मुले हवी होती. जर्मनीत २ मे १९३३ ला कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, पुढारी तुरुंगात टाकले आणि त्याच वर्षाअखेर ‘आनंदातून शक्ती’ नावाची सहलसंस्था काढली. तिच्या बोटी नॉर्वेला, मदीराला जात. प्रवास होता, तोंड उघडण्याची सोय नव्हती. आमच्या मते फ्रान्सची दोघांची सायकल त्या बोटींपेक्षा लांब गेली.

ब्रिटनमध्ये भरपगारी रजेचा कायदा १९३८ साली झाला, तोही अर्धामुर्धा. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र चित्र पालटले. १९५० साली व्लादिमिर राइट्झ याने विमान भाड्याने घेऊन प्रवाशांना कॉर्सिका बेटावर नेले. भाडे, तंबूत मुक्काम, जेवण सारे मिळून साडेबत्तीस पौंड. अशा स्वस्त सहलींनी पुढे स्पेनचे किनारे भरले, आणि लँकेशरची जोडपी ब्लॅकपूलऐवजी भूमध्य समुद्रावर मधुचंद्राला जाऊ लागली. रजा आधी, विमान मागाहून, हा क्रम ध्यानात घ्यावा.

आपल्या देशात भरपगारी रजेचा पहिला कायदा १९४५ चा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. बारमाही कारखान्यांत सलग वर्षभर काम केलेल्याला दहा दिवस, अशी ती तरतूद. पुढे १९४८ चा कारखाना कायदा आणि त्याची १९५४ ची दुरुस्ती आली: वर्षात २४० दिवस काम भरले की वीस दिवसांमागे एक दिवस. परदेशाची गोष्ट वेगळी. परकीय चलन मोजून मिळे, आणि परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सांगितले. २००४ पासून चलनाची दारे मोकळी झाली आणि मध्यमवर्गातली मुले मधुचंद्राला सिंगापूर, थायलंड करू लागली. फार चांगले झाले. यात चैन आहे म्हणून नाक मुरडणारे आमच्या चळवळीतही आहेत. त्यांच्याशी आमचे जमत नाही.

२०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेत २४० ची अट १८० दिवसांवर आली. कागदावर गाठ सैल झाली. परंतु गेल्या वर्षी आमच्या कचेरीत एक जोडपे आले. दोघेही एकाच कारखान्यात ठेक्यावर, तीन वर्षे त्याच यंत्रांवर. लग्नासाठी आणि नंतर श्रीलंकेला जाण्यासाठी दोघांनी दहा दिवस मागितले होते. पासपोर्ट तयार होते. उत्तर मिळाले, की ठेकेदार पाच महिन्यांपूर्वी बदलला, तेव्हा तुमची नोकरी पाच महिन्यांचीच. रजा शिल्लक नाही. ती दोघे तीन दिवस बिनपगारी घेऊन गणपतीपुळ्याला जाऊन आली. हजेरी ठेकेदाराप्रमाणे न धरता कामाप्रमाणे सलग धरावी, अशी मागणी आम्ही त्या दोघांच्या आणि त्यांच्यासारख्या इतरांच्या सह्यांनी घातली आहे. तिचा निकाल अजून लागायचा आहे.