शिट्टी कुणाच्या हाती?

८ सप्टेंबर १९१९. लंडनच्या ईशान्येला, एपिंगच्या जंगलालगत गिलवेल पार्क आहे. तिथल्या ओल्या गवतावर तुम्ही उभे आहात आणि तुमचे गुडघे उघडे आहेत. जूनमध्ये मुख्याध्यापकांनी ‘यंदा स्काऊट तुमच्याकडे’ म्हणत फाइल हातात ठेवली, तेव्हा प्रकरण इतकं मागे जाईल असं तुम्हाला वाटलं नव्हतं. पण आलाच आहात, तर हाफपॅन्टची लाज सोडा. रांगेतल्या सगळ्यांनीच ती घातली आहे.

शेजारी एक मास्तर आहे, एक बँकेतला कारकून आहे. दोघे-तिघे नुकतेच फौजेतून सुटलेत. हा स्काऊट मास्तरांसाठीचा पहिला वुड बॅज प्रशिक्षण वर्ग. जागेचं उद्घाटन होऊन दोन महिनेही झालेले नाहीत. मॅक्लारेन नावाच्या एका धनिकाने ती विकत घेऊन स्काऊट संघटनेला दिली. तेवढ्यात कुडू नावाच्या आफ्रिकी हरणाचं पिळदार शिंग वाजतं. स्काऊटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी ते १८९६च्या माटाबेले मोहिमेतून आणलेलं. १९०७मध्ये ब्राऊन्सी बेटावर पहिलं शिबिर भरलं, तेव्हा मुलांना उठवायला हेच शिंग होतं.

तुम्ही वही-पेन्सिल घेऊन आलात, कारण व्याख्यान असेल अशी तुमची समजूत. वही खिशातच राहते. कॅम्प चीफ फ्रान्सिस गिडनी, तिशीच्या आतला गडी, तुमचे संघ पाडतो. तुमच्या संघाचा नायक तुमच्याहून दहा वर्षांनी लहान आहे आणि जेवण करायचं काम तुमच्याकडे आलंय. काटक्या ओल्या. धूर डोळ्यांत जातो, जाळ काही धरत नाही. कसाबसा विस्तव होतो, बटाटे आत जातात. बाहेरून ते काळे पडायला लागलेत हे तुम्हाला दिसतं. न राहवून तुम्ही काठी पुढे करता, तर नायक म्हणतो, ‘थांबा. मी सांगतो तेव्हा काढा.’

तुम्ही गिडनीकडे बघता. हात मागे बांधून तो पाच पावलांवर उभा आहे. सगळं बघतोय, बोलत काहीच नाही. बटाटे बाहेरून करपलेले, आतून कच्चे निघतात आणि तेच खावे लागतात. दुसऱ्या दिवशी तोच नायक निखारे व्हायची वाट बघतो आणि मग बटाटे घालतो. या वर्गात जे काही शिकवलं जातं ते या दोन जेवणांत आलं.

रात्री शेकोटीभोवती मोठ्यांची चर्चा रंगते. ‘पोरांना सांभाळायला ट्रेनिंग कशाला?’ एकजण विचारतो. दुसऱ्याचं म्हणणं, युद्धावर कितीतरी स्काऊट मास्तर गेले, पथकं बसली असती. ‘मग बसली का नाहीत?’ यावर क्षणभर कोणी बोलत नाही. बसली नाहीत, कारण चौदा-पंधरा वर्षांच्या संघनायकांनी ती चालवली. लहान मुलांचे कब गट बायकांनी उचलले. १९१६मध्ये ‘द वुल्फ कब्स हँडबुक’ निघालं, त्यात व्हेरा बार्कले यांचा मोठा हात होता. संघपद्धतीवर पुस्तक लिहिणारा रोलंड फिलिप्स १९१६च्या जुलैत सोमच्या लढाईत मारला गेला. मुलांना आठ-आठच्या संघांत वाटा, त्यांचा नायक त्यांच्यातलाच ठेवा आणि जबाबदारी खरी द्या, हे त्याचं सांगणं. ते खरं ठरलेलं बघायला तो उरला नाही.

आता उठा. १९२१चा सुरुवातीचा काळ, अलाहाबाद. हाफपॅन्ट तीच, डोक्यावर मात्र साफा आहे. तुम्ही सेवा समितीच्या पथकाचे नायक आहात. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी १९१८मध्ये ही स्काऊट संघटना उभी केली. त्याच्या आदल्या वर्षी मद्रासला ॲनी बेझंट यांनी वेगळी संघटना काढली. वेगळी काढावी लागली, कारण १९०९मध्ये बंगळुरात पहिलं पथक निघालं, पुढे खडकीसारख्या छावण्यांतही निघाली, ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या मुलांना दार बंद होतं.

आणि आता खुद्द बेडन-पॉवेल भारतात आलेत. सगळ्यांनी एका छत्राखाली यावं, असा घाट आहे. ओसरीवर नायकांची बैठक बसली आहे.

‘काल दारात उभं करत नव्हते, आज पंगतीला या म्हणतात.’

‘मग बसू या की. मुलांना जगभरच्या मुलांत मिसळायला मिळेल.’

‘आणि शपथ? ती कुणाच्या नावाने घ्यायची? बादशहाच्या?’

बेझंटबाईंची संघटना आत गेली. मालवीयांची बाहेर राहिली, तिला देशाच्या नावाने चालणारं पथक हवं होतं. तुम्ही वादात कुठल्या बाजूने बोलायचं ते ठरवा, पण अधूनमधून अंगणातही बघा. तिथे सात-आठ मुलं दोन बांबू आणि दोन सदरे घेऊन डोली करतायत. सदऱ्याच्या बाह्या आत उलटवायच्या, त्यातून बांबू घालायचे, वरून बटणं लावायची. पहिल्यांदा झोपवलेला मुलगा बदकन खाली येतो, कारण बटणं लावायची राहिली. नायक पोरगा वैतागतो, शिव्या गिळतो, पुन्हा करायला लावतो. प्रयागच्या मेळ्यात हरवलेली लेकरं आणि गर्दीत चेंगरलेली म्हातारी माणसं उचलायची तर हे यायला हवं. बादशहाची शपथ घेतली काय अन् नाही काय, बटणं लावावीच लागतात.

पुढचा पल्ला भरभर पार करू. १९३८मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहते, फाटाफूट चालूच राहते. स्वातंत्र्यानंतर मात्र सगळे एकत्र बसतात. ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स अँड गाईड्स’ जन्माला येते आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींच्या गाईड्सही तिच्यात येतात. शपथेतून बादशहा जातो. ईश्वराबद्दलचं आणि देशाबद्दलचं कर्तव्य राहतं, आणि ज्याला ‘ईश्वर’ म्हणायचं नाही त्याने ‘धर्म’ म्हणावं अशी सोयही होते.

१९६६. जून महिना, पुन्हा इंग्लंड. एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये पथकप्रमुखांची बैठक आहे. टेबलावर चहाचे कप आणि ‘ॲडव्हान्स पार्टी रिपोर्ट’. चीफ स्काऊट चार्ल्स मॅक्लीन यांनी हा अहवाल करवून घेतला. मोठी मुलं संघटना सोडून चालली होती, म्हणून काय बदलायचं ते त्यात लिहिलंय. नावातला ‘बॉय’ जाणार. वुल्फ कब आता कब स्काऊट होणार. मोठ्या मुलांचा रोव्हर विभाग बंद. रुंद काठाची टोपी जाणार आणि हाफपॅन्टऐवजी फुलपॅन्ट येणार.

या शेवटच्या मुद्द्यावर हॉल पेटतो. ‘फुलपॅन्ट घातलेला स्काऊट म्हणजे पोस्टमन!’ असं मागून कोणीतरी म्हणतं. तुम्हाला हसू येतं, पण सांभाळून. ही माणसं दिवसभर नोकरी करून, फुकटात, थंडीपावसात तीस-तीस वर्षं मुलांना डोंगरात नेत आलीत. पोशाखाला हात लावला की त्यांना आपल्या तारुण्याला हात लावल्यासारखं वाटतं. काहींनी ते मनावर घेतलं आणि १९७०मध्ये जुन्या पद्धतीने चालणारी बेडन-पॉवेल स्काऊट असोसिएशन वेगळी झाली. मोठी मुलं मात्र टोपीसाठी थांबलीही नसती आणि टोपीसाठी गेलीही नव्हती. त्यांना करायला पुरेसं काही उरलं नव्हतं.

१९६६चाच १६ ऑक्टोबर, पुणे. आळंदी रस्त्यावर ‘संगम’ या जागतिक गाईड केंद्राचं उद्घाटन आहे. ॲडेलबोडेन, लंडन आणि मेक्सिको यांच्यानंतरचं हे चौथं केंद्र. सत्त्याहत्तर वर्षांच्या लेडी ओलाव्ह बेडन-पॉवेल त्यासाठी आल्या आहेत. तुम्ही गाईड कॅप्टनांच्या रांगेत उभ्या. होय, या थांब्यावर तुम्ही बाई आहात. समारंभ संपल्यावर झाडाखाली बायकांच्या गप्पा सुरू होतात, त्यात जागतिक केंद्राचा विषय फार वेळ टिकत नाही.

‘मुक्कामाच्या शिबिराला वडील सोडत नाहीत हो मुलींना.’

‘मी घरी जाते. चहा घेते, आईशी बोलते. तिसऱ्या खेपेला सोडतात.’

‘आणि यांचं काय? तुमचे हे काही म्हणत नाहीत?’

‘म्हणतात ना. म्हणून दोन दिवसांची भाजी चिरून ठेवून निघते.’

स्काऊटिंगच्या इतिहासात हा तिसऱ्या खेपेचा चहा कुठे छापलेला नाही. पण मुलगी तंबूत पहिल्यांदा झोपली ती या चहामुळे.

आता घरी या. चालू वर्ष, जिल्हा स्काऊट-गाईड मेळावा. मैदानात तंबू लागलेत, प्रत्येकासमोर बांबूचं प्रवेशद्वार उभं राहतंय. मांडवात तुमच्यासारखे पाच-सहाजण चहाला टेकलेत. ‘ऑनलाइन नोंदणी झाली का तुमची? माझा सर्व्हर मध्येच गेला.’ ‘फोटो अपलोड करा, नाहीतर कार्यक्रम झालाच नाही म्हणतात.’ ‘माझी मतदारयादीची बीएलओ ड्यूटी अजून चालू आहे.’ ‘गणवेशाला पालक पैसे देत नाहीत.’ ‘राज्यपुरस्काराच्या वह्या कोण लिहितं तुमच्याकडे?’ यावर सगळे हसतात, उत्तर कोणी देत नाही.

जगभर बदलही चालूच आहेत. अमेरिकेतल्या संघटनेने आधी मुलींना दार उघडलं आणि ८ फेब्रुवारी २०२५पासून ‘बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका’ हे नाव टाकून ‘स्काऊटिंग अमेरिका’ घेतलं. त्याआधी २०२०मध्ये, लहानपणी आपलं लैंगिक शोषण झालं अशा दाव्यांमुळे, तिने दिवाळखोरीचा अर्ज केला होता; त्या प्रक्रियेत अशा ८० हजारांहून अधिक तक्रारी पुढे आल्या. एकट्या मोठ्या माणसाने मुलांबरोबर राहायचं नाही, कायम दोघे हवेत, हा नियम तिथे फार मोठी किंमत मोजून पक्का झाला. आपल्याकडेही त्यात सूट नको. मुलांना मोकळीक द्यायची म्हणजे नजर काढून घ्यायची नसते. गिडनी पाच पावलांवर होता हे विसरू नका.

चहा ठेवा आणि तुमच्या पथकाच्या तंबूकडे चला. संघनायिका सातवीतली आहे. दोन बांबू एकमेकांवर आडवे धरून ती चौकोनी बांधणी घालतेय. क्लोव्ह हिच गाठीने सुरुवात, मग तीन वेढे, मग दोन बांबूंच्या मधून दोर फिरवून आवळणं, शेवटी पुन्हा क्लोव्ह हिच. वेढे बरोबर आहेत, आवळणं ढिलं पडलंय, बांबू किंचित डुगडुगतो. समोरून परीक्षक येताना दिसतात. शेजारच्या शाळेचं प्रवेशद्वार भक्कम आहे, ते तिथल्या सरांनी काल रात्री स्वतः बांधलं. तुमचा हात शिवशिवतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे: दोर घ्यायचा, आवळून टाकायचा, नंबर खिशात.

एवढ्याच क्षणासाठी तुम्हाला इतकं फिरवून आणलं. गिलवेल, अलाहाबाद, इंग्लंडमधला हॉल, पुणे, सगळीकडे मोठी माणसं बदलावर भांडत होती. ती भांडणं खोटी नव्हती. दार कुणाला उघडायचं, शपथ कुणाच्या नावाने घ्यायची, हे प्रश्न भांडण्यासारखेच होते. पण पथक जिवंत आहे की मेलं, हे ठरलं ते दोर कुणाच्या हातात होता त्यावर. आपल्याकडे खाकी आहे, स्कार्फ आहे, सोपान आहेत, प्रमाणपत्रं तर ढिगाने आहेत. संघनायक मात्र पुष्कळ ठिकाणी हजेरीपुरता आहे. वही सर लिहितात, गेट सर बांधतात, शेकोटीतलं नाटकही सरच बसवतात. त्याला स्काऊटिंग म्हणायची सोय आहे, एवढंच.

तेव्हा परीक्षक येऊ देत, बांबू हलू दे, नंबर गेला तर जाऊ दे. येत्या शनिवारी संघनायक मुलांच्या मतानेच निवडा, वर्गातला पहिला नंबर बघून नको. शिट्टी त्याच्याकडे द्या. सहलीची जागा, भाजीचा हिशेब, कुणी तंबू झाडायचा, हे संघनायकांच्या बैठकीत ठरू द्या. तुम्ही बसा, विचारलं तर सांगा. खिचडी करपेल. तुम्ही ती खा, आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्यांनाच करायला सांगा.