बदनाम पॅसिव्ह

इंग्रजी नीट लिहायचे तर पॅसिव्ह व्हॉइस टाळा, हा सल्ला आज जो तो देतो. पण त्यातले एक रूप भाषेत रुळले ते जेमतेम दोनशे वर्षांपूर्वी, आणि तेव्हा त्याच्यावर उठलेला गदारोळ आजच्या कुरकुरीपेक्षा कितीतरी मोठा होता.

अठराव्या शतकात एखाद्या घराचे बांधकाम चालू असेल तर इंग्रज सरळ म्हणत, 'द हाउस इज बिल्डिंग'. घर काही स्वतः गवंडीकाम करत नसे, पण ऐकणाऱ्याला अर्थ कळे. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतही ही धाटणी भेटते. अडचण यायची ती माणसांबाबत. घराबद्दल गैरसमज होत नाही. पण माणूस मारतो आहे की मार खातो आहे, हे अशा वाक्यातून कसे कळावे? मग पत्रांतून आणि बोलण्यातून हळूच एक नवी रचना डोकावू लागली. 1795 साली कवी रॉबर्ट साउदीने एका पत्रात न्हाव्याच्या हातून मुळासकट उपटल्या जाणाऱ्या दाढेचे वर्णन केले आणि तिथे 'इज बीइंग टोर्न' असे लिहिले. दात काढायला तेव्हा लोक न्हाव्याकडेही जात.

पंडितांना ही रचना मुळीच रुचली नाही. अमेरिकेत जॉर्ज पर्किन्स मार्श या भाषाभ्यासकाने 1860च्या सुमारास तिला बेढब आणि निरुपयोगी ठरवले. रिचर्ड ग्रँट व्हाइट तर शेक्सपिअरचा अभ्यासक. त्याने 1870च्या आपल्या पुस्तकात या दोन-तीन शब्दांवर अख्खे प्रकरण खर्ची घातले. 'इज' म्हणजे असणे आणि 'बीइंग' म्हणजेही असणे, मग 'इज बीइंग'ला अर्थ तो काय राहिला, असा त्याचा युक्तिवाद. तर्क बिनतोड वाटतो, पण भाषा तर्काच्या परवानगीने चालत नाही. लोकांनी व्हाइटकडे ढुंकूनही पाहिले नाही. आज 'द हाउस इज बिल्डिंग' म्हटले तर इंग्रजांनाच ते चूक वाटेल.

विसाव्या शतकात रोख बदलला: एका रूपावरचा राग निवळला आणि सगळा पॅसिव्हच आरोपीच्या पिंजऱ्यात आला. कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी 1918 साली विद्यार्थ्यांसाठी एक छोटी पुस्तिका छापली आणि तीत ॲक्टिव्ह वापरण्याचा नियम घातला. मात्र पॅसिव्ह सोयीचा असतो, कधी आवश्यकही असतो, हेही त्यांनी तिथेच सांगितले होते. बोलणे नाटककारांबद्दल चालू असेल तर वाक्य नाटककारांपासूनच सुरू व्हावे, मग क्रियापद पॅसिव्ह झाले तरी चालेल, असा त्यांचा दाखला होता. त्यांचे विद्यार्थी ई. बी. व्हाइट यांनी 1959 साली ही पुस्तिका वाढवून काढली, ती अफाट खपली. नियम सर्वांच्या तोंडी झाला, पुढची पुस्ती मात्र विसरली गेली. 2009 साली भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी पुस्तिकेतली उदाहरणे तपासली, तर पॅसिव्ह म्हणून दिलेल्या चारपैकी तीन वाक्ये पॅसिव्ह नव्हतीच!

जॉर्ज ऑर्वेलने 1946च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात तर जिथे जमेल तिथे पॅसिव्ह टाळा, असे बजावले. त्या निबंधाच्या पहिल्याच वाक्यात पॅसिव्ह आहे.

तरी आरोप सर्वस्वी खोटा नाही. इराण-काँट्रा या गुप्त शस्त्रविक्रीच्या प्रकरणानंतर 1987 साली अमेरिकेचे अध्यक्ष रेगन 'चुका झाल्या' अशा थाटात बोलले; कोणाकडून, ते वाक्यात नव्हते. 1876 साली अध्यक्ष ग्रँट यांनीही काँग्रेसला दिलेल्या संदेशात हीच पळवाट धरली होती. पण दोष लपवणाऱ्याचा आहे, क्रियापदाचा नाही. मराठीत 'चूक झाली' हे वाक्य तर पॅसिव्हच नाही, आणि लपवायला तेही तितकेच उपयोगी पडते.

आपल्याकडे पॅसिव्ह आला तो भलत्याच वाटेने. 'बो जेस्ट' ही कादंबरी लिहिणारा पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता. त्याचे आणि सहलेखक मार्टिनचे व्याकरण शाळाशाळांत पोचले आणि 'चेंज द व्हॉइस' हा परीक्षेतला हमखास प्रश्न होऊन बसला. राम आंबा खातो. आंबा रामाकडून खाल्ला जातो. त्यात 'बाय' लावून कर्ता शेपटीला जोडायचा, नाहीतर गुण गेले. प्रत्यक्षातल्या इंग्रजी लेखनात मात्र बहुतेक पॅसिव्ह वाक्यांना ही शेपटी नसतेच. कर्ता सांगायची गरज नसते किंवा तो ठाऊक नसतो, म्हणून तर लेखक ही रचना निवडतो.