गावठाणातील शेतकरी घर, चेंबूर परिसरातील

मुंबई उपनगरांतील जुन्या खेड्यांत भातशेतीच्या गरजांतून विकसित झालेला घराचा प्रकार. चेंबूर, घाटले, देवनार, माहूल इ. गावठाणांत आगरी, कोळी व ईस्ट इंडियन (स्थानिक रोमन कॅथलिक) कुटुंबांची अशी घरे होती. त्यांपैकी थोडी अवशिष्ट आहेत. वसती उंचवट्यावर व भातखाचरे सखल भागात, अशी या गावांची सर्वसाधारण मांडणी असे. खाचरांसाठी जमीन मोकळी राहावी म्हणून घरे एकमेकांना लागून बांधीत.

१५३४ च्या वसईच्या तहाने साष्टी व लगतचा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. १७३७–३९ च्या मोहिमेत तो मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांच्या ताब्यात आली. या सत्तांतरांत घराचा मूळ आराखडा फारसा बदलला नाही. ईस्ट इंडियन घरांना मात्र बाहेरून माडीवर जाणारा लाकडी जिना, नक्षीदार कठडे व भिंतीतील क्रूसाचा कोनाडा ही वैशिष्ट्ये लाभली.

घराच्या दर्शनी बाजूस ओटी, तिच्यामागे माजघर व शेवटी स्वयंपाकघर असा क्रम असे. गोठा पडवीत किंवा परसात असे, तर धान्य कणगीत किंवा माळ्यावर साठवीत. ओटी ही बैठक, जाळी विणण्याची जागा व पावसाळ्यातील कामाची जागा होती. जोते दगडी असे. भिंती दगडमातीच्या किंवा कारवीच्या कुडावर माती लिंपलेल्या असत. मुसळधार पावसापासून त्यांचे रक्षण करण्यासाठी छपराला तीव्र उतार व पुढे आलेल्या पागोळ्या ठेवीत. प्रारंभी नळीची कौले वापरीत. १८६५ मध्ये बाझेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढल्यानंतर चपटी मंगळुरी कौले हळूहळू रूढ झाली.

इंग्लंडमधील शेतकरी घराशी तुलना केल्यास हवामानाचा प्रभाव स्पष्ट होतो. तेथील मध्ययुगीन घरात छपरापर्यंत मोकळे दालन व मध्यभागी उघडी चूल असे. सोळाव्या-सतराव्या शतकांत विटांचे धुराडे आल्यावर दालनावर मजला घालणे शक्य झाले. डेव्हन परगण्यातील लांबघरांत माणसे व गुरे एकाच छपराखाली राहत. थंडीमुळे तेथील घर चुलीभोवती वाढले. पावसामुळे येथील घर ओटीच्या आधाराने वाढले.

कुर्ला–चेंबूर लोहमार्गावर १९२४ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली. १९४७ नंतर येथे निर्वासितांची वसाहत झाली व १९५४–५५ मध्ये तुर्भे-माहूल भागात तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. शेती संपताच गोठा व कणगी निरुपयोगी ठरली. ओटी भिंतीने बंद करून भाड्याची खोली करण्यात आली आणि पुढे कित्येक घरांच्या जागी सिमेंट-काँक्रीटच्या इमारती आल्या. म्हणजे या घराचा ऱ्हास बांधणीच्या दोषामुळे नव्हे, तर त्याचा आर्थिक आधार नाहीसा झाल्यामुळे झाला.

इंग्लंडमध्ये १९४७ च्या नगररचना कायद्याने ऐतिहासिक वास्तूंच्या सूचीस बळ मिळाले आणि पुष्कळ शेतकरी घरे तीत आली. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीत गिरगावची खोताची वाडी व माझगावची माथारपाखाडी यांना स्थान मिळाले; उपनगरांतील साध्या शेतकरी घरांच्या वाट्याला असे संरक्षण क्वचितच आले. भातशेतीचा लेखी वृत्तांत फारसा नसलेल्या या गावांत घर हाच तिचा प्रमुख पुरावा होय. त्यामुळे उरलेल्या घरांची मोजमापे, आराखडे व छायाचित्रे यांची नोंद होणे अगत्याचे आहे.