तबकडींतला सूर

शिरूर तालुक्यांत पाबळ म्हणून एक गांव आहे. तेथें मस्तानीची समाधि आहे. पेशवाईवर लिहिणारांनीं जिच्या गायननृत्याविषयीं पानेंच्या पानें भरलीं, त्या बाईच्या कंठांतला एक स्वरहि १७४० नंतर कोणाच्या कानीं पडलेला नाहीं. दगड राहिले, सूर गेला. समाधि पाहून परततांना आमच्या मनांत हेंच घोळत होतें.

शिरुरास आगगाडी नाहीं. म्हणून घोडनदीहून मोटारीनें दौंड गांठलें. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८७१ सालीं रायचुरास मद्रासच्या मार्गाला मिळाला, आणि १८७८ सालीं मनमाडचा फांटा दौंडास येऊन जुळला. ह्या जंक्शनावरून किती गवई आणि किती नाटक मंडळ्या आपल्या तंबोऱ्यांसह इकडून तिकडे गेल्या असतील, कोण सांगणार ! खांसाहेब अब्दुल करीमखां ह्यांचा अंतहि १९३७ सालीं मद्रासेपलीकडील सिंगपेरुमाळकोईल ह्या लहानशा स्टेशनावरच झाला.

गाडीला अवकाश होता. बरोबरच्या भाच्यानें आपला फोन काढला, त्याला बोटभर लांबीचें एक यंत्र व चांगलीं कर्णयंत्रें जोडलीं आणि तीं आमच्या कानांवर चढविलीं. शंभर वर्षांपूर्वींच्या एका गायिकेची ती मुद्रिका होती. पडद्यावर आंकडे झळकत होते : २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ. “मामा, ह्याहून अस्सल आतां मिळायचें नाहीं,” तो म्हणाला. आम्हीं ऐकलें, आणि अस्वस्थ झालों. तीच तबकडी आमच्या आजोळीं कर्ण्याच्या बाज्यावर वाजत असे. तेथील आवाज घोगरा, पण भरदार होता. हा आवाज स्वच्छ, पण एखाद्या पोरसवदा मुलीचा वाटत होता.

ह्याचा उलगडा होण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेडरिक गैसबर्गनें कलकत्त्यास गोहरजानचें गाणें मेणाच्या चकतीवर उतरवून घेतलें. विजेचा संबंध नव्हता. गाणाऱ्यानें कर्ण्याच्या तोंडांत गावें, आवाजानें पडदा हलावा, पडद्यानें सुई हलवावी आणि सुईनें मेण कोरावें, एवढीच ती करामत. चकत्या जर्मनींत हॅनोव्हरला जात व तेथें त्यांच्या तबकड्या निघत. लाख मात्र आपल्याच देशांतली असे. गाणें संपतां संपतां बाई स्वतःचें नांव सांगते, ह्याचें आज हसूं येतें. पण परक्या मुलुखांतील कारागिरास लेबलावर काय छापावें हें कळण्यास तोच आधार होता. दहा इंची तबकडीवर तीन मिनिटें आणि वर कांहीं सेकंद मावत. तासभर विस्तारणारा ख्याल तीन मिनिटांत बसविणें म्हणजे गंगा कमंडलूंत भरणें होय. तरी कांहींनीं ती भरून दाखविली.

त्या कर्ण्याला सेकंदास सुमारें अडीचशें ते अडीच हजार कंपनांचे ध्वनीच काय ते नीट पकडतां येत. डग्ग्याचा घुमारा आणि तंबोऱ्याच्या तारांची झार बाहेरच राहिली. १९२५ पासून विजेचा मायक्रोफोन आला तेव्हां हा पल्ला वाढला. पुढें १९८२ सालीं निघालेल्या कॉम्पॅक्ट डिस्कनें एका सेकंदांत ध्वनीचे ४४,१०० नमुने टिपण्यास आरंभ केला, आणि २०२१ सालीं अॅपलनें आपल्या संगीतसेवेंत जादा दाम न आकारतां १,९२,००० नमुन्यांपर्यंतची सोय केली. ह्या आंकड्यानें सेकंदास ९६,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि टिपतां येतो. मनुष्याच्या कानाची धांव वीस हजारांशीं थांबते. आणि जुन्या तबकडीची तर त्याच्या कितीतरी अलीकडे! खोबणींत जें उतरलेंच नाहीं, तें कितीहि बारीक चाळणीनें हातीं लागणार नाहीं.

मग हा सूक्ष्मपणा फुकट आहे काय ? तसें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. तबकडीवरील ओरखडे बारकाईनें टिपले गेले म्हणजे ते गाण्यापासून वेगळे ओळखतां येतात व हलक्या हातानें काढतां येतात. म्हणूनच जाणते संग्राहक जुन्या मुद्रिका ९६ हजार नमुन्यांनीं उतरवून ठेवणें पसंत करतात. दोष आहे तो दुसऱ्याच ठिकाणीं. एक तर खरखर काढण्याच्या हौसेंत आवाजाची धारहि खरवडली जाते. दुसरें, आणि आमच्या मतें ह्याहून गंभीर, म्हणजे वेग. ‘७८ फेऱ्या’ हा आंकडा पुढें रूढ झाला. आरंभीच्या मुद्रिका कधीं ७४, कधीं ७६, तर कधीं ८० नें घेतल्या जात. ७४ ची तबकडी ७८ नें फिरविली कीं सूर पेटीच्या जवळजवळ एका पट्टीनें चढतो, लय धांवते आणि प्रौढ बाईची पोर होते. चुकीच्या वेगानें उतरविलेली मुद्रिका कितीहि बिटांत दिली, तरी ती चूकच अधिक बारकाईनें ऐकूं येते.

१९७७ सालीं अमेरिकेनें ‘व्हॉयेजर’ नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं. त्यांवरील सोनेरी तबकडींत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ती कोणत्या वेगानें फिरवावी, ह्याची आकृति तबकडीच्या वेष्टनावर कोरलेली आहे. परक्या ग्रहावरच्या श्रोत्याची एवढी काळजी घेतली गेली. दौंडच्या फलाटावरील श्रोत्याची कोण घेणार? १९९० सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या ध्वनिमुद्रिकासंग्राहकांच्या सोसायटीसारख्या मंडळींनीं लेबलें, क्रमांक व साली जुळविण्याचें किचकट काम केलें आहे. संगीतसेवांच्या पडद्यावर त्यांतलें फारच थोडें येतें.

आणि ज्यांच्याविषयीं हा वादच संभवत नाहीं, त्यांचें काय ? पुण्यास १९११ सालीं भारत गायन समाज स्थापणारे भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. यंत्र हिंदुस्थानांत येऊन वीस वर्षें झालीं होतीं. तरी त्यांची एकहि मुद्रिका आज उपलब्ध नाहीं. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव ह्या शिष्यांच्या गळ्यांतून अंदाज बांधावयाचा, एवढेंच आपल्या हातीं.

हें सारें आम्हीं भाच्यास सांगितलें. तो हट्टी खरा. त्यानें फोनवरच सूर व लय एकदम उतरविण्याची युक्ति शोधून काढली. वेग कमी होतां होतां आवाज भरत गेला. “थांब, हीच ती,” आम्ही म्हणालों. त्यानें विचारलें, “आजोळच्या बाज्याची चावीच सैल नव्हती कशावरून ?” ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. साथीची पेटी कोणत्या पट्टींतली असावी ह्यावरून कांहीं ठरतें का, हें आम्ही ऐकूं लागलों. गाडी चाळीस मिनिटें उशिरां आली. तेवढ्यांत ती मुद्रिका सात वेळां झाली, आणि अर्ध्या पट्टीबद्दलचा आमचा वाद तसाच डब्यांत चढला.