चांद्याचा दुष्काळ (1896–1900)

ब्रिटिश मध्यप्रांतातील चांदा जिल्ह्यात, म्हणजे ढोबळमानाने आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत, 1896–97 आणि 1899–1900 साली पडलेले दोन दुष्काळ. 1896 मध्ये पाऊस लवकर थांबला, धान करपले. 1899 मध्ये पावसाने पुन्हा दगा दिला. पण माणसे केवळ पावसाअभावी मेली नाहीत. आधीची वर्षे नापिकीची असूनही प्रांतात सारावाढ झाली आणि खुल्या व्यापाराच्या हट्टापायी सरकारने धान्याची निर्यात रोखली नाही. 1901 च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 6 लाख भरली, दहा वर्षांत साधारण 15 टक्क्यांनी घटलेली. हे दुष्काळ बऱ्याच अंशी मानवनिर्मित म्हटले पाहिजेत.

जंगलपट्ट्यात या हालांत आणखी भर पडली. 1878 च्या वनकायद्याखालील राखीव जंगलांत गोंड-माडियांचा पूर्वापार निस्तार, म्हणजे घरगुती गरजांसाठी रानातून वस्तू घेण्याचा हक्क, सरकारी मर्जीवर आला. घरातले धान संपले की इथला माणूस रानाकडे वळतो. मार्च-एप्रिलमध्ये रात्री गळालेली मोहफुले बायका-पोरे पहाटे टोपलीत वेचतात, अंगणात वाळवतात आणि अडचणीच्या दिवसांत उकडून खातात. टोळीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, तेल निघते. पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) आणि तरोट्याची भाजी मिळते. याची सरकारलाही जाण होती. टंचाईत राखीव जंगले चराईसाठी आणि खाण्याजोग्या वनोपजासाठी खुली करण्याची तरतूद दुष्काळसंहितेतच होती. म्हणजे रानात अन्न होते, पण त्याचे कुलूप कधी उघडायचे हे उपाशी माणसाच्या हाती नव्हते.

मोहाची दारूही निघते म्हणून स्वातंत्र्यानंतरही दारूबंदीच्या कायद्याखाली मोहफुलांच्या साठवणुकीवर व वाहतुकीवर बंधने राहिली. राज्य सरकारने ती 2021 मध्ये उठवली. भुकेच्या दिवसांची बेगमी घरात ठेवणे गुन्हा ठरावे, हा अन्याय पिढ्यान्‌पिढ्या चालला.

चांद्यात मूळ प्रश्न रानावरच्या हक्काचा होता. 2006 च्या वनहक्क कायद्याने तो हक्क मान्य केला. 2009 मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार मात्र ग्रामसभेच्या हाती यायला 2011 उजाडले.