चौक लिहिणाऱ्या सवासिनी

डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाड्याकडच्या वारली पाड्यांवर लग्न निघालं की घरातल्या भिंतीची तयारी आधी सुरू होते. कारवीच्या कुडाची भिंत, तिला शेणामातीचं लिंपण आणि त्यावर गेरूचा हात. तांदूळ वाटून पाण्यात कालवायचे, चिकटपणासाठी थोडा डिंक घालायचा. बांबूची काडी टोकाला चावून मऊ केली की कुंचला झाला. सगळं सामान शेतातलं आणि रानातलं. एवढ्यावर सवासिनी, म्हणजे ज्यांचे नवरे हयात आहेत अशा बायका, लग्नचौक लिहायला बसतात. वारली चौक लिहितात, असंच म्हणायची रीत आहे.

चौकाच्या मधोमध पालघट देवी. तिच्याभोवती चारी बाजूंनी काठामागून काठ: साखळ्या, नागमोडी रेघा, बारीक त्रिकोणांच्या रांगा. शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव. मग झाडं, बाशिंग, फणी, शिडी, चंद्र-सूर्य. वाटलेल्या तांदळाची रेघ ओली असताना पुसट दिसते आणि वाळली की लख्ख पांढरी उमटते. त्यामुळे काढणारीला आपली रेघ डोळ्यांपेक्षा हाताने जास्त ओळखावी लागते. हे लग्न लावायला ब्राह्मण येत नाही. धवलेरी येते. देवीची आणि लग्नाची गाणी तिला तोंडपाठ असतात आणि विधी तिच्याच शब्दावर पुढे सरकतो. म्हणजे चित्र बाईचं, मंत्राच्या जागी गाणं बाईचं आणि मधली देवताही बाईच. कलेच्या इतिहासात स्त्रीच्या कर्तृत्वाचं इतकं उघड उदाहरण महाराष्ट्रात दुसरं सापडणं कठीण. तरीही या चौकांखाली कुणाचं नाव नव्हतं. धुराने, पावसाने चौक विरून जायचा आणि पुढच्या लग्नाला नवा लिहिला जायचा.

ज्या लग्नासाठी हा चौक लिहायचा, त्याच लग्नाने वारल्यांना पिढ्यान्‌पिढ्या जखडून ठेवलं होतं. लग्नाच्या खर्चासाठी सावकार-जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फेडायला नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. अशांना ‘लग्नगडी’ म्हणत. जमीनदारांचा जुलूम बायकांच्या अंगावर दुहेरी पडायचा. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं आहे. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. भिंतीवरच्या त्या प्रसन्न चौकाकडे पाहताना त्यामागचं हे कर्ज विसरून चालत नाही.

वारली चित्र भिंतीवरून कागदावर आलं त्याची गोष्ट मात्र बिहारपासून सांगावी लागते.

१९६६-६७ मध्ये बिहारला भीषण दुष्काळ पडला. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकरांनी भास्कर कुलकर्णी या मुंबईच्या चित्रकाराला मिथिलेतल्या मधुबनीकडे धाडलं. घराच्या भिंतीवर कोहबर, म्हणजे लग्नघरातलं चित्र, काढणाऱ्या मिथिलेच्या बायकांना कागद द्यायचा, चित्रं करून घ्यायची आणि विकून त्यांच्या हाती पैसे द्यायचे, असा हा बेत. कागद थेट बायकांच्या हातात पडला आणि तिथेच राहिला. जितवारपूरच्या जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, पुढे सीता देवींना, गंगा देवींना. गंगा देवींनी तर देवादिकांच्या पलीकडे जाऊन स्वतःचं जगणं कागदावर आणलं. त्या अमेरिकेला गेल्या तेव्हा तिथला रोलर कोस्टर त्यांच्या बारीक रेघेत आला. कर्करोग झाला तेव्हा इस्पितळातल्या खाटा, सलाईन, डॉक्टर आले. नवऱ्याने टाकलेल्या, मूल नसलेल्या एका बाईने ‘हे माझं आयुष्य’ असं म्हणायला परंपरेची भाषा वापरली. भारतीय कलेतल्या मोठ्या घटनांमध्ये हिची नोंद व्हायला हवी.

हेच भास्कर कुलकर्णी सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला वारली पाड्यांवर पोचले. कागद तसाच आणि देणारा माणूसही तोच होता. पण इथे त्यांना डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळ, कळंबीपाड्यावर जिव्या सोमा मशे भेटले. लहानपणी आई गेल्यावर मशे बोलेनासे झाले होते आणि धुळीत चित्रं काढून मनातलं सांगायचे, असं त्यांच्याबद्दल सांगतात. लग्नविधी नसतानाही चित्र काढणारा हा पुरुष. १९७५ मध्ये मुंबईत गॅलरी केमोल्डला त्यांचं प्रदर्शन भरलं. शेणाने सारवलेल्या कापडावर त्यांनी मासेमारीची जाळी, मुंग्यांची वारुळं, तारपा या वाद्याभोवती फिरणारा नाच असं सगळं रान उतरवलं. मशे अस्सल, थोर कलावंत होते आणि त्यांच्या मोठेपणातून काहीही वजा करायचं कारण नाही.

पण त्यांच्यामागोमाग पाड्यांवरचे तरुण मुलगेच कागदाकडे वळले. प्रदर्शनासाठी मुंबई-दिल्ली गाठायची, दलालाशी भाव करायचा, आठ-आठ दिवस घराबाहेर राहायचं, हे पुरुषांना जमत होतं. शेत, पाणी, लाकूडफाटा आणि पोरं सांभाळणाऱ्या बायकांना ते परवडणारं नव्हतं. शिवाय त्यांचा चौक विधीतला. लग्नाबाहेर पालघट देवी कशाला लिहायची? बाजाराला मात्र लग्नाची वाट पाहायची नव्हती. मिथिलेत कागद बायकांना शोधत त्यांच्या अंगणात गेला. इथे कागदापाशी पोचायला घर सोडावं लागत होतं. हा फरक निर्णायक ठरला.

१९८९ मध्ये पॅरिसला ‘मॅजिसियाँ द ला तेर’ हे गाजलेलं प्रदर्शन भरलं. जगभरच्या कलावंतांना एका छपराखाली आणणाऱ्या त्या प्रदर्शनात जितवारपूरच्या बउआ देवी होत्या आणि कळंबीपाड्याचे मशेही. दोघांच्याही कलेचं मूळ लग्नघरातल्या भिंतीवर, बायकांच्या हातात. मिथिलेचं नाव तिथे एका बाईने नेलं, वारल्यांचं एका पुरुषाने. २०११ मध्ये महासुंदरी देवी आणि मशे यांना एकाच वर्षी पद्मश्री मिळाली, तेव्हाही चित्र तेच होतं.

गेल्या काही वर्षांत वारली मुली आणि सुना कागदावर, कापडावर स्वतःच्या सहीने चित्रं काढू लागल्या आहेत. हे फार आधी व्हायला हवं होतं. त्यांच्या चित्रांकडे लोक ‘नवा प्रयोग’ म्हणून पाहतात आणि तांदूळ-गेरूच्या रंगांना पर्यावरणस्नेही म्हणून वाखाणतात. त्यांच्या आज्यांनी तेच रंग कुठलंही बिरूद न लावता वापरले होते. संग्रहालयांत वारली चित्राखालच्या पाट्यांवर आज चित्रकाराचं नाव आणि गाव येतं. त्याच पाटीवर आणखी एक ओळ मावते: ही चित्रभाषा सवासिनींनी आणि धवलेरींनी घडवली. पालघर, मुंबई, पुण्यातल्या संग्रहालयांनी आणि शाळेच्या चित्रकलेच्या पुस्तकांनी ती आता घालावी. त्याला ना पैसा लागतो, ना नवं संशोधन.