झाले, झाले आहे, झाले होते

बीडहून परळीकडे जाणारा आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा असे दोन रस्ते जेथे मिळतात, तेथे तेलगाव आहे. साखर कारखाना आणि दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी बाहेर पडणाऱ्या टोळ्या ही या टापूची ओळख. येथल्या एखाद्या वृद्धाला वय विचारले, तर तो जन्मसाल सांगत नाही. पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा मी गुरांमागे जाऊ लागलो होतो. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा माझे लग्न झाले होते, थोरली लेक पदरात होती. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा नातू शाळेत जाऊ लागला होता, असा त्याचा हिशेब असतो. सप्टेंबर १९४८, १९७२ आणि ३० सप्टेंबर १९९३ या तीन खुंट्यांना त्याने आपले सारे आयुष्य टांगलेले असते. जन्माचा दाखला नसलेल्या पिढीचे हे पंचांग आहे आणि ते ‘झाले होते’ या दोन शब्दांवर उभे आहे.

शालेय व्याकरणात या रूपाला पूर्ण भूतकाळ म्हणतात. परीक्षेपुरते ते पाठ केले जाते आणि पुढे विसरले जाते. परंतु ज्याला भूतकाळाविषयी काही सांगावयाचे आहे, त्याच्या हातातील हे एक महत्त्वाचे हत्यार आहे. ‘नवी उचल घेतली तेव्हा मागची फिटली होती’ असे एखादा तोडणी कामगार म्हणतो, तेव्हा तो ऋणमुक्त होऊन नव्या हंगामाला निघालेला असतो. ‘नवी उचल घेतली तेव्हा मागची फिटली’ असे तो म्हणाला, तर नव्या कर्जातून त्याने जुने कर्ज भागवले असा अर्थ होतो. फरक एका ‘होती’चा आहे. पण मुकादमासमोर हिशेबाला बसलेल्या माणसाच्या दृष्टीने तो फरक व्याकरणाचा नसतो, संसाराचा असतो.

मराठीतील हा काळ दोन कामे करतो. पहिले काम क्रम लावण्याचे. भूतकाळातील एका घटनेपाशी उभे राहून तिच्याही मागे पाहावयाचे असेल, तर ‘होता’ लागतो. दुसरे काम अधिक सूक्ष्म आहे. ‘फादर वसईला गेले’ म्हटले की ते अद्याप तेथेच असावेत असे वाटते. ‘फादर वसईला गेले होते’ म्हटले की ते परत आले. पहिल्या वाक्याचा परिणाम अजून चालू आहे, दुसऱ्याचा संपला आहे. येथे दुसरी कोणतीही घटना सांगितलेली नाही, तरीही ‘होते’ अचूक आहे. म्हणूनच ‘आजी देवाघरी गेली’ असे आपण म्हणतो. ‘गेली होती’ म्हटले, तर ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहू लागतो. घडून सरलेल्या गोष्टीवर पडदा टाकण्याची ही शक्ती मराठी माणूस बोलताना सहज वापरतो. लिहिताना मात्र त्याचा हात चुकतो.

या रूपाची घडण पाहण्याजोगी आहे. संस्कृत वैयाकरणांनी भूतकाळाची विभागणी निराळ्या तत्त्वावर केली होती. घटना आजची की आजच्या आधीची, बोलणाऱ्याने ती प्रत्यक्ष पाहिली की ती त्याच्या परोक्ष घडली, हे पाणिनीचे प्रश्न. म्हणजे तेथे साक्षीला मान होता. पुढे प्राकृतांतून येता येता ती जुनी रूपे गळून पडली आणि कृदंतांनी त्यांची जागा घेतली. ‘गेला’, ‘केला’ यांतील ‘ल’ हा प्राकृत ‘इल्ल’ प्रत्ययाचा वारस. ‘होता’ हे ‘हो’ या धातूचे, प्राकृत ‘होन्त’वरून आलेले कृदंत. दोन कृदंते शेजारी बसली आणि ‘गेला होता’ तयार झाले. साक्षीवर आधारलेली जुनी विभागणी गेली. तिच्या जागी क्रम आणि परिणाम यांवर आधारलेली आली.

पण साक्षीचा विचार मराठी गद्यातून नाहीसा झाला नाही. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’ची परंपरा आहे, तो ग्रंथ शके १११०, म्हणजे सन ११८८चा मानला जातो. तो पद्य आणि तत्त्वविचार आहे. कथनात्मक गद्याचा पहिला मोठा ग्रंथ त्यानंतर सुमारे शतकाने आला. तो म्हणजे म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या, त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी त्या गोळा केल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि शिष्यांना ती स्मरणातून पुन्हा उभी करावी लागली. छोटी वाक्ये, साधा भूतकाळ आणि ‘मग’ या शब्दाचा पुन्हा पुन्हा आधार अशी त्या गद्याची चाल आहे. घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने सांगितल्या, तर ‘होता’ची गरज फार थोडी पडते. कथन मागे वळते तेव्हाच तो हवा असतो. आपल्या आद्य गद्याचा हा संयम आजही शिकण्यासारखा आहे.

मराठी-कोंकणीच्या क्रियापदांकडे युरोपीय व्याकरणाच्या नजरेने पाहण्याचा मोठा उद्योग आपल्याच धर्मबंधूंनी आरंभला. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. त्यांनी रचलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या निधनानंतर, १६४० साली, तेथेच प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण मानले जाते. त्याचा साचा लॅटिनचा होता, आणि लॅटिनमध्ये या काळाला ‘पूर्णाहूनही अधिक पूर्ण’ अशा अर्थाचे नाव आहे. पोर्तुगीजांनीही ते नाव जसेच्या तसे ठेवले. नाव विचित्र वाटले तरी त्यात तथ्य आहे. जे पूर्ण झाले त्याच्याही आधी जे पूर्ण झाले होते, त्याचा हा काळ. ‘ख्रिस्तपुराणा’ची रचनाही अशीच आहे. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात प्रभू येशूची. दुसऱ्याचा अर्थ लागावा म्हणून पहिले सांगितले आहे.

पुढे १८०५ मध्ये विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरहून निघाले, १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ आले आणि १९११ मध्ये मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ने या विवेचनाला प्रौढ रूप दिले. या परंपरेमुळे काळांची कोष्टके आपल्या हाती आली. मात्र एखादे रूप कोठे योजावे आणि कोठे आवरावे, हे कोष्टक सांगत नाही. ते लेखकांकडूनच शिकावे लागते, आणि बायबलच्या भाषांतरकारांना ते फार लवकर शिकावे लागले.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील सहावा अध्याय पाहावा. येशूची कीर्ती हेरोदाच्या कानी जाते आणि आपण ज्याचा शिरच्छेद करविला तो योहानच उठला आहे, असे त्याला वाटते. येथे कथन मागे वळते. योहानाची अटक, हेरोदियेचा डाव, वाढदिवसाची मेजवानी हे सारे आधीच घडून गेलेले आहे. मूळ ग्रीक कथन येथे बहुतेक ठिकाणी साधाच भूतकाळ वापरते. मराठीत तेवढ्याने भागत नाही. मराठी वाचकाला ‘आपण मागे चाललो आहोत’ हे सांगावे लागते, आणि ते काम ‘होते’ करते. पण एकदा उंबरा ओलांडला की पुढची सगळी हकिकत साध्या भूतकाळात सांगता येते. प्रत्येक वाक्याला ‘होते’ जोडत गेले, तर मेजवानीचा तो भयंकर प्रसंग डोळ्यांसमोर घडत नाही. तो दफ्तरातील नोंद होऊन बसतो. उंबऱ्यावर एकदा सांगावे आणि आत शिरावे, हा नियम प्रत्येक कथाकाराने आणि इतिहासकाराने लक्षात ठेवावा असा आहे.

आपल्या समाजाला या नियमाची आज विशेष गरज आहे. बीड जिल्हा ज्यात येतो तो औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला. धर्मग्राम आणि शाळा यांच्या महोत्सवांनिमित्त स्मरणिका निघतात. त्यांतील इतिहासलेख पुष्कळदा ‘आले होते, बांधले होते, दिले होते’ अशा एकाच सुरात लिहिलेले असतात. सगळेच ‘होते’ झाले की कोणते आधी आणि कोणते नंतर हे कळेनासे होते. ‘मिशनरी आले तेव्हा गावकऱ्यांनी शाळेला जागा दिली’ आणि ‘मिशनरी आले तेव्हा गावकऱ्यांनी शाळेला जागा दिली होती’ या दोन वाक्यांत दोन निराळे इतिहास आहेत. पहिल्यात गाव पाहुण्याच्या हाकेला ओ देते. दुसऱ्यात गावच त्याची वाट पाहत असते. खरे काय घडले ते कागदपत्रे आणि म्हातारी माणसे सांगतील. लेखकाने निदान दोन्हींची सरमिसळ करू नये.

याहून जिव्हाळ्याचा प्रश्न दुष्काळाचा. दख्खनमध्ये १८७६ ते १८७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे मोठे दुष्काळ पडले. या भागातील ख्रिस्ती समाज भाकरीसाठी धर्मात आला, हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. त्याचा खरेखोटेपणा एका काळावर अवलंबून आहे. दुष्काळ पडला आणि लोक ख्रिस्ती झाले, की दुष्काळ पडला तेव्हा लोक ख्रिस्ती झाले होते? शेजारच्या अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालू होते. म्हणजे पहिल्या मोठ्या दुष्काळाआधी चाळीसहून अधिक वर्षे तेथे उपदेश आणि बाप्तिस्मे चालू झाले होते. दुष्काळात आणि दुष्काळानंतर आलेलेही अनेक होते. ते नाकारण्याचे कारण नाही. भुकेल्याला अन्न देणाऱ्याच्या घरी माणूस राहिला, यात दोघांनाही लाज वाटावी असे काही नाही. पण ‘झाले’ आणि ‘झाले होते’ हे दोन्ही जेथे खरे आहेत, तेथे दोन्ही लिहिले पाहिजेत. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील तारीख आणि दुष्काळाचे साल शेजारी ठेवून प्रत्येक कुटुंबापुरते हे काम कोणालाही करता येईल. पूर्वजांवरील आरोपाला त्वेषाने उत्तर देण्यापेक्षा हे उत्तर अधिक टिकाऊ ठरेल.

आपल्या श्रद्धेच्या मुळाशीही काळांची हीच निवड आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल ख्रिस्ताचे मरण आणि दफन सांगताना साधा भूतकाळ योजतो. पुनरुत्थानाशी येताच तो क्रियापदाचे असे रूप घेतो की घडलेल्या गोष्टीचा परिणाम आजही चालू आहे. मराठीत तेथे ‘आहे’ हवे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बापाच्या तोंडी ‘हरवणे’ हे क्रियापद ‘होता’ घेऊन येते आणि ‘सापडणे’ घेऊन येते तेव्हा मराठीला ‘आहे’ शोभते. जे संपले त्यावर पडदा पडतो, जे चालू आहे ते दारात उभे असते. आपल्या गावाचा आणि घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने लेखणी उचलताना प्रत्येक वाक्यापाशी एवढेच विचारावे: ही गोष्ट झाली, झाली आहे, की झाली होती?